मदत कसणाऱ्याच्या हाती पडावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोव्यात परतीच्या पावसात कापणीला आलेले भात आडवे झाले की शेतकऱ्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो विम्याचा. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत खरिपासाठी शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या अवघा २ टक्के आहे आणि २०२० च्या खरिपापासून ही योजना ऐच्छिक आहे, हे खरे. तरीही विमा न उतरवणारा प्रत्येक जण बेफिकीर असतो असे मानणे अन्यायाचे आहे. कोमुनिदादीची (गावाच्या सामायिक जमिनीच्या संस्थेची) किंवा परगावी राहणाऱ्या भाटकाराची (जमीनमालकाची) जमीन तोंडी बोलीवर कसणारा, अथवा ज्याच्या जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (हक्कनोंदीच्या कागदावर) अजून आजोबांच्या पिढीचीच नावे आहेत असा शेतकरी विम्याचा अर्ज कोणत्या कागदाच्या आधारे भरणार?

अशांना खरा आसरा राज्याच्या शेतकरी आधार निधीचा. भातासाठी हेक्टरी ४० हजार रुपये हा त्याचा दर केंद्राच्या आपत्ती निधीच्या २०२२-२६ च्या निकषांपेक्षा (कोरडवाहू पिकासाठी हेक्टरी ८,५०० आणि ओलिताखालील पिकासाठी १७,००० रुपये) बराच वरचा आहे, याबद्दल सरकारला श्रेय दिलेच पाहिजे. मात्र आपल्याकडची शेते चौरस मीटरमध्ये मोजली जातात. या दराने चौरस मीटरला ४ रुपये पडतात, म्हणजे दोन हजार चौरस मीटरचे सगळे भात गेले तरी हाती ८ हजार रुपये येणार. एवढ्या रकमेसाठीही पुन्हा कृषी कार्ड (कृषी खात्याचे शेतकरी ओळखपत्र) आणि जमिनीचा कागद लागतोच, त्यामुळे ज्या अडचणीने शेतकरी विम्याबाहेर राहिला तीच अडचण त्याला मदतीबाहेरही ठेवते.

भाटकार कागद देत नाही, यामागे बहुतेक वेळा दुष्टावा नसून धास्ती असते. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर कसणाऱ्याला काही लिहून दिले तर उद्या तो कूळ म्हणून हक्क सांगेल, असे त्याला वाटते. म्हणून दर हंगामाच्या पेरणीनंतर विभागीय कृषी कार्यालयाने पंचायतीच्या साहाय्याने, शेजारच्या शेतकऱ्यांच्या साक्षीने, प्रत्यक्ष कसणाऱ्यांची नोंद करावी आणि या नोंदीने कुळाचा कोणताही हक्क निर्माण होत नाही, हे त्याच नोंदीत स्पष्ट लिहावे. आपत्तीची मदत मात्र तिच्याच आधारे द्यावी. पीक ज्याने लावले, नुकसान त्याचे झाले आहे. उताऱ्यावर नाव असलेल्याचे नव्हे.

खाजन शेतीचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीत बांध घालून केलेल्या शेतीचा, विचार तर वेगळाच करावा लागेल. बांध फुटून किंवा मानशी (पाणी आत-बाहेर सोडणारे दार) निकामी होऊन खारे पाणी आत शिरले की त्या हंगामाचे पीक जातेच, शिवाय मातीतले मीठ पावसाच्या पाण्याने धुऊन निघेपर्यंत पुढचे पीकही धड येत नाही. भरपाई एकाच पिकाची धरली, तर दुसऱ्या हंगामाचा तोटा शेतकऱ्याच्याच माथी राहतो. शिवाय खाजनाचा बांध ही सामायिक जबाबदारी असते, एकट्याच्या काळजीने तो टिकत नाही.

शेवटी वेळेविषयी. खरिपाची कापणी आटोपताच वायंगणाच्या (रब्बी हंगामातल्या भाताच्या) तयारीला लागावे लागते, म्हणून पंचनामा आणि रक्कम दोन्ही त्याआधी व्हायला हवीत. भिजलेले भात शेतात कुजत ठेवून पाहणीची वाट बघणे कोणालाच परवडत नाही. शेतकऱ्याने काढलेली, तारीख आणि ठिकाण दाखवणारी मोबाईलवरची छायाचित्रे पुरावा म्हणून ग्राह्य धरावीत, असा आदेश कृषी खात्याने येत्या हंगामापूर्वीच काढावा, ही विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक, बार्देश