मुदत विद्यार्थ्याला आहे, पडताळणी करणाऱ्याला का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयांचे प्रवेश आटोपत आले की राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचे आणि शुल्क प्रतिपूर्तीचे अर्ज भरण्याची धावपळ सुरू होते. अर्जाची शेवटची तारीख, मुदतवाढ, बँक खात्याची आधार जोडणी यांविषयीच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात नियमितपणे येतात आणि ग्रामीण भागातील पालकांना त्यांचा उपयोगही होतो. अर्ज भरून झाल्यावर त्याचे पुढे काय होते, याची बातमी मात्र सहसा होत नाही. मराठवाड्यातील एका अनुदानित महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात मी अनेक वर्षे लिपिक आणि शेवटी मुख्य लिपिक म्हणून काम केले. हजारो अर्ज माझ्या नजरेखालून गेले, त्यांपैकी कित्येक मी परतही पाठवले. त्या अनुभवाच्या आधारे या न दिसणाऱ्या टप्प्याविषयी लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते.

पडताळणी म्हटले की आपल्याकडे प्रथम जात पडताळणी समिती आठवते. मी म्हणतो ती पडताळणी वेगळी आहे. विद्यार्थ्याने अर्जात भरलेले उत्पन्न, प्रवेशाचा तपशील, शुल्काची रक्कम, शिक्षणातील खंड, वसतिगृहातील वास्तव्य ही माहिती जोडलेल्या कागदपत्रांशी जुळते का, हे आधी महाविद्यालयाचा लिपिक त्याच्या लॉगिनमधून पाहतो. मग तो अर्ज प्राचार्यांच्या लॉगिनला जातो आणि तेथून योजनेप्रमाणे समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या किंवा शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयाकडे. यातील कोणत्याही पायरीवर अर्ज विद्यार्थ्याकडे परत पाठवता येतो. आमच्या विभागाच्या भाषेत याला ‘अर्ज सेंड बॅक केला’ असे म्हणतात.

ऑनलाइन व्यवस्था येण्यापूर्वी आम्ही अर्जांचे गठ्ठे आणि बी स्टेटमेंट, म्हणजे विद्यार्थ्यांच्या याद्या, घेऊन जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात जात असू, आणि एखादा दाखला कमी पडला तर तो तेथेच लक्षात येई. त्या पद्धतीत दोष पुष्कळ होते. पैसे संस्थेच्या हातून जात असल्यामुळे गैरव्यवहाराला वाव होता आणि विद्यार्थ्याला आपल्या अर्जाचा ठावठिकाणा कळण्याचा काही मार्गच नव्हता. म्हणून रक्कम थेट खात्यात जमा करणारी नवी व्यवस्था आली, याचे मी त्या वेळी मनापासून स्वागत केले आणि आजही करतो. माझी तक्रार संगणकाविषयी नाही. संकेतस्थळावर विद्यार्थ्याला अर्ज भरण्याची तारीख ठरवून दिलेली असते, परत आलेला अर्ज दुरुस्त करण्याचीही तारीख असते, परंतु तो अर्ज लिपिकाने, प्राचार्यांनी अथवा जिल्हा कार्यालयाने किती दिवसांत तपासावा, याचे व्यक्तिशः उत्तरदायित्व व्यवहारात कोणावरही येत नाही. सूचना निघतात, बैठका होतात, प्रलंबित अर्जांची संख्या वाचून दाखवली जाते. पण एखादा अर्ज दोन महिने लॉगिनमध्ये पडून राहिला म्हणून कोणाला जाब विचारला गेला, असे माझ्या संपूर्ण नोकरीत मी पाहिले नाही.

माझ्याच हातून घडलेली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आमच्याकडे एका ऊसतोड मजुराची मुलगी होती. तिने मुदतीच्या बऱ्याच आधी, आईवडील गावात असतानाच अर्ज भरला होता. त्या दिवसांत परीक्षा अर्जांचे कामही माझ्याकडेच असल्याने तिचा अर्ज माझ्या लॉगिनमध्ये सुमारे सात आठवडे तसाच राहिला. दिवाळीनंतर तो उघडला तेव्हा उत्पन्नाचा दाखला आदल्या वर्षीचा असल्याचे दिसले. मी नियमाप्रमाणे अर्ज परत पाठवला आणि शेऱ्यात ‘कागदपत्र अयोग्य’ एवढेच लिहिले. तोवर तिचे आईवडील मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाबरोबर कोयता घेऊन सांगलीच्या बाजूला एका कारखान्याच्या फडावर गेले होते. नवीन दाखल्यासाठी वडिलांचे स्वयंघोषणापत्र हवे, तलाठ्याचा अहवाल हवा, आणि आधारशी जोडलेला मोबाइल वडिलांच्या खिशात, म्हणजे उसाच्या फडात. अर्ज परत गेल्याचा संदेशही तिला मिळाला नाही, कारण अर्ज भरताना नेट कॅफेवाल्याने स्वतःचाच क्रमांक टाकला होता. फेब्रुवारीत ती चौकशीला आली तेव्हा तिला हे सर्व कळले, आणि धावपळ करून दाखला मिळवेपर्यंत दुरुस्तीची तारीख उलटून गेली. त्या वर्षीचे शुल्क तिच्या वडिलांनी मुकादमाकडून जादा उचल घेऊन भरले. उचल घेणे म्हणजे पुढच्या हंगामाची मजुरी आधीच विकणे, हे बीड जिल्ह्यातील वाचकांना सांगायला नको. तिने शिक्षण सोडले नाही, परंतु त्या जादा उचलीचे कारण मी होतो, ही जाणीव मला आजही सोडत नाही. मी तोच अर्ज पहिल्या आठवड्यात उघडला असता, तर त्या दाखल्यासाठी तिला तहसीलच्या एकदोन फेऱ्यांपेक्षा अधिक काही करावे लागले नसते.

परत जाणाऱ्या अर्जांत खोटेपणा फार थोडा असतो, हे मी ठामपणे सांगू शकतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव, तर आधारवर स्वतःचे नाव आधी. एका ठिकाणी वडिलांच्या नावापुढे ‘राव’ आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही. लग्नानंतर शिकायला आलेल्या मुलीची अर्धी कागदपत्रे माहेरच्या नावाची. असे अर्ज डोळ्यांनी पाहिले तर क्षणात समजतात, पण शेऱ्यात ‘नाव जुळत नाही’ एवढेच येते. वसतिगृहाचेही तसेच. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत, २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, बी.ए. किंवा बी.कॉम.सारख्या अभ्यासक्रमाला वसतिगृहात राहणाऱ्यास वर्षाला ६,००० रुपये आणि घरून येणाऱ्यास ३,००० रुपये शैक्षणिक भत्ता आहे. गाव साठ किलोमीटरवर असल्यामुळे शहरात चौघांत मिळून खोली घेऊन राहणारा मुलगा स्वतःला घरून येणारा समजत नाही, म्हणून तो वसतिगृहाचा पर्याय निवडतो आणि वसतिगृहाचे प्रमाणपत्र नसल्यामुळे अडकतो. त्याने फसवणूक केलेली नसते. त्याच्या राहणीला अर्जात रकानाच नसतो. अशा मुलाला समोर बसवून पाच मिनिटे समजावले की काम होते, आणि परत पाठवले की दोन महिने जातात.

याचा अर्थ पडताळणी सैल करावी असा कोणी घेऊ नये. शिष्यवृत्तीचा पैसा लुटला गेल्याची उदाहरणे आपल्यासमोर आहेत आणि त्यांकडे नीट पाहिले पाहिजे. केंद्रीय अल्पसंख्याक कार्य मंत्रालयाच्या शिष्यवृत्ती योजनांची तपासणी झाली तेव्हा पाहिलेल्या १,५७२ संस्थांपैकी ८३० संस्था बनावट, बंद अथवा अंशतः बनावट आढळल्या, २०१७-१८ ते २०२१-२२ या पाच वर्षांत १४४.८३ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचे समोर आले आणि २०२३ मध्ये ते प्रकरण सीबीआयकडे गेले. या सर्व अर्जांची पडताळणी झालेली होती, ही गोष्ट माझ्यासारख्याला सर्वाधिक अस्वस्थ करते. संस्थेच्या नोडल अधिकाऱ्याने, म्हणजे या योजनेसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याने, आणि जिल्ह्याच्या नोडल अधिकाऱ्याने मान्यता दिल्याशिवाय तो पैसा निघाला नसता. म्हणजे चोरी झाली ती पडताळणी करणाऱ्यांच्या बाजूने, आणि अशा बातमीनंतर आमच्यापर्यंत येणाऱ्या सूचना बहुतेक वेळा विद्यार्थ्याकडून आणखी एक कागद मागवण्याच्या असत. एखाद्या संस्थेत अर्जांइतके विद्यार्थी खरोखर वर्गात बसतात का, हे पाहण्यासाठी अधिकाऱ्याने अचानक जाऊन उभे राहावे लागते. विद्यार्थ्याच्या वडिलांचे तिसरे स्वयंघोषणापत्र त्यासाठी उपयोगाचे नाही.

उशिराचा भार कोणावर पडतो, हेही सांगितले पाहिजे. व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या आणि कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने ८ जुलै २०२४ रोजी काढला. निर्णय फार मोठा आणि चांगला आहे. परंतु सवलत मिळते ती अर्ज तपासून मंजूर झाल्यावर, आणि तोपर्यंत महाविद्यालयाचा हिशेब अडलेला असतो. मग काही ठिकाणी विद्यार्थिनीकडून आधी शुल्क घेतले जाते, काही ठिकाणी हमीपत्र लिहून घेतले जाते, तर काही ठिकाणी परीक्षेच्या तोंडावर कार्यालयात बोलावून ‘तुमची शिष्यवृत्ती अजून आली नाही’ असे सर्वांसमक्ष ऐकवले जाते. हा अपमान सतरा-अठरा वर्षांची मुलगी घरी सांगत नाही. अर्ज मात्र त्याच कार्यालयातील कोणाच्या तरी लॉगिनमध्ये असू शकतो, हे तिला ठाऊकही नसते.

उपायासाठी नवा कायदा करावा लागेल असे मला वाटत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे. त्याखाली अधिसूचित झालेल्या सेवेला कालमर्यादा असते, विलंब झाल्यास अपील करता येते आणि दोषी अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. विद्यार्थ्याला लागणारा उत्पन्नाचा दाखला या कायद्याच्या कक्षेत आहे. मग तोच दाखला जोडलेल्या अर्जाची पडताळणी या कक्षेत का नसावी? प्रत्येक पायरीसाठी १५ दिवसांची मर्यादा घालून ही सेवा अधिसूचित करावी, आणि त्या मुदतीत अर्ज तपासला गेला नाही, तर जितके दिवस तो कार्यालयात राहिला तितके दिवस विद्यार्थ्याला दुरुस्तीसाठी आपोआप वाढवून मिळावेत, अशी माझी शासनाला विनंती आहे. अर्ज परत पाठवताना त्यातील सर्व त्रुटी एकाच वेळी आणि पूर्ण मराठी वाक्यांत सांगणे बंधनकारक करावे. पहिल्यांदा उत्पन्नासाठी, दुसऱ्यांदा खंड प्रमाणपत्रासाठी आणि तिसऱ्यांदा शिधापत्रिकेसाठी परत गेलेले अर्ज मी पाहिले आहेत, आणि तिन्ही उणिवा पहिल्याच दिवशी दिसण्यासारख्या होत्या.

विद्यापीठांनी शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियमांत शिष्यवृत्ती न मिळणे अथवा तिला विलंब होणे ही तक्रारीची बाब म्हणून नोंदवलेली आहे. तक्रार निवारण समितीने १५ कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि त्यावर समाधान न झाल्यास विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालाकडे अपील करता येते. आपल्या परिसरातील किती विद्यार्थ्यांना ही समिती कोठे बसते हे ठाऊक आहे, याची चौकशी प्राचार्यांनी एकदा करावी. विद्यापीठाने संलग्न महाविद्यालयांकडून दर पंधरवड्याला लिपिकाकडे किती अर्ज आणि प्राचार्यांकडे किती अर्ज प्रलंबित आहेत, यांचे आकडे मागवून ते आपल्या संकेतस्थळावर लावले, तरी पुष्कळ फरक पडेल. आकडे उघड होणार आहेत हे कळले असते, तर मीही परीक्षा अर्जांच्या आधी शिष्यवृत्तीचे लॉगिन उघडले असते.

त्याचबरोबर माझ्या जुन्या सहकाऱ्यांच्या बाजूनेही दोन वाक्ये लिहिणे आवश्यक आहे. अनेक महाविद्यालयांत शिक्षकेतर पदे वर्षानुवर्षे रिक्त आहेत आणि प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती ही तिन्ही कामे एकाच माणसाकडे असतात. मुदत घालायची तर शिष्यवृत्तीच्या कामाला निदान अर्जांच्या हंगामात स्वतंत्र माणूस द्यावा लागेल. ते न करता केवळ दंडाची भीती घातली, तर घाईघाईने सरसकट ‘सेंड बॅक’ करून मुदत पाळल्याचे दाखवले जाईल.

विद्यार्थ्यांना आणि पालकांना माझी विनंती एवढीच की अर्जात मोबाइल क्रमांक स्वतःच्या घरातील, आणि शक्यतो गावातच राहणाऱ्या व्यक्तीचा द्यावा. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा आहे ना, हे त्यावरील वैधतेची ३१ मार्चची तारीख वाचून पाहावे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी तो निघण्यापूर्वीच काढून ठेवावा. आणि अर्ज भरल्यापासून दर आठवड्याला स्वतः लॉगिन करून त्याची स्थिती पाहावी. अर्ज पंधरा दिवसांहून अधिक काळ एकाच ठिकाणी दिसला, तर प्राचार्यांना लेखी पत्र द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. निवृत्तीनंतर मी दर बुधवारी सकाळी आमच्या गावच्या वाचनालयात बसून विद्यार्थ्यांचे अर्ज पाठवण्यापूर्वी तपासून देतो. शिष्यवृत्ती विभागात काम केलेले निवृत्त कर्मचारी प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांनी हे काम आपापल्या गावी सुरू केले, तर महाविद्यालयाच्या लिपिकाकडे पोहोचणाऱ्या अर्जांतील निम्म्याहून अधिक चुका तेथेच निघतील, असा माझा अनुभव आहे.

आपला विश्वासू,
शिष्यवृत्ती विभागातील एक निवृत्त मुख्य लिपिक,
जि. बीड