प्राइडचे फोटो छापताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समलिंगी, ट्रान्स (जन्मावेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेल्या) आणि त्यांच्यासारख्या इतर व्यक्तींच्या प्राइड मोर्चाच्या बातमीला आता वर्तमानपत्रांत ठळक जागा मिळते, याचा मनापासून आनंद आहे. तक्रार आहे ती सोबतच्या फोटोंबद्दल. मोर्चात चालणाऱ्या सगळ्यांनीच घरी किंवा कामाच्या ठिकाणी आपली ही ओळख सांगितलेली नसते. ओळखू येईल असा एक चेहरा छापला गेला, तर कुणाची नोकरी जाते, कुणाला राहती खोली सोडावी लागते. स्टोनवॉल या समलिंगींच्या बारवरील पोलिसी छाप्याविरुद्धच्या उठावाला वर्ष झाले म्हणून २८ जून १९७० रोजी न्यूयॉर्कमध्ये लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा अंकातला फोटो चार दिवसांत रद्दीत जाई. आता तो संकेतस्थळावर कायम राहतो आणि चेहऱ्यावरून शोधताही येतो.

सर्वांत जास्त घोळ मोर्चाच्या आधी आणि नंतर होतो. सुरुवातीच्या जागी लोक मुखवटे बांधत असतात, चेहरे रंगवत असतात. शेवटी बाजूच्या गल्लीत रंग पुसून, कपडे बदलून घरी निघतात. नेमके हेच क्षण लांबच्या लेन्सने टिपले जातात. या दोन्ही वेळी कॅमेरा खाली ठेवावा, एवढे पाळले तरी निम्मा त्रास वाचेल.

‘फोटो नको’ ही खूण ठरवताना संयोजकांचेही चुकते. मनगटावरची फीत दुरून दिसत नाही, आणि इंद्रधनुषी गर्दीत रंगीत बिल्ला हरवून जातो. पांढरा किंवा काळा रुंद पट्टा छातीवर आणि पाठीवरही हवा, आणि त्याचा अर्थ छायाचित्रकारांना मोर्चा निघण्यापूर्वीच सांगायला हवा.

चेहऱ्यावर पुसट चौकटी टाकून भागत नाही. हलका धूसरपणा पुष्कळदा भेदता येतो, शिवाय गोंदण, चष्मा, गळ्यातले कंपनीचे ओळखपत्र, पाठीवरची बॅग यांवरून ओळखीचा माणूस लगेच ओळखतो. चेहरा पूर्ण झाकावा किंवा फोटो कापावा. गर्दीचे दृश्य पाठीमागून किंवा उंचावरून घ्यावे आणि संकेतस्थळावर लहान आकारात टाकावे. मोठ्या फाइलमध्ये शेवटच्या रांगेतला चेहराही मोठा करून पाहता येतो. फोटो कुठे काढला याची फाइलमध्ये साठलेली नोंद पुसून टाकावी. ज्यांना दिसायचे आहे असे लोक पुढचा फलक धरून किंवा मंचावर असतातच, त्यांना विचारावे. मात्र ‘फोटो काढू का?’ एवढे पुरत नाही. कुठे छापणार, नाव देणार का, तेही विचारावे. अल्पवयीन मुलांचे चेहरे नकोतच.

फोटोओळीही नीट हव्यात. सगळे झेंडे एकच नसतात. सहा पट्ट्यांचा इंद्रधनुषी झेंडा गिल्बर्ट बेकर यांच्या १९७८च्या आठ पट्ट्यांच्या झेंड्यातून आला. गडद गुलाबी कापड पुरेसे मिळेना, म्हणून तो पट्टा आधी गेला. फिका निळा, गुलाबी आणि पांढरा असा पाच पट्ट्यांचा झेंडा ट्रान्स व्यक्तींचा. तो हातात घेतलेल्या व्यक्तीला सरसकट ‘समलिंगी’ म्हणणे चूक आहे. व्यक्ती स्वतःचे जे नाव सांगेल, तेच छापावे.

आणि एखाद्याने फोटो काढून टाकण्याची विनंती केली, तर कारणे मागत बसू नये. त्याच दिवशी तो संकेतस्थळावरून, समाजमाध्यमांवरच्या पानांवरून आणि ई-पेपरमधूनही हटवावा. त्यासाठीचा ईमेल पत्ता फोटोखालीच छापावा.

आपले,
प्राइडच्या संयोजनात काम करणारे काही वाचक