आईची काठी आणि तांबी

सातारा,
रविवार रात्र

प्रिय विजू,

काल फोनवर तू घाईत होतास आणि हा विषय घाईत सांगण्यासारखा नाही, म्हणून लिहायला बसलोय. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना वाकता येत नाही आणि घरात पाच महिन्यांचं लॅब्रॅडोरचं पिल्लू आहे. "तुमची तांबी काठी कशी आणून देते ते सांग," म्हणालास. सगळं सांगतो.

आधी हे का सुरू केलं ते ऐक. गेल्या आषाढात आईच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ती चालायलाही लागली, पण खाली वाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एका संध्याकाळी दुकान बंद करून आलो तर घरात अंधार. आई पलंगाच्या कडेवर बसलेली आणि काठी दोन हातांवर फरशीवर. दीड तास ती तशीच बसून होती. तिला लघवीला जायचं होतं. मला एवढंच म्हणाली, "काठी पडली होती रे." शेजारी हाक मारली नव्हती, मला फोन केला नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तांबी तेव्हा दीड वर्षाची होती. एसटी स्टँडामागे सापडलेली, अस्सल गावठी कुत्री. "लॅब्रॅडोरचं ठीक आहे, गावठीला काय शिकवणार?" असं पुष्कळांनी ऐकवलं. लॅब्रॅडोरच्या रक्तातच ते असतं हे खरंय. शिकाऱ्यानं टिपलेलं पाखरू दात न लावता आणून द्यावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ती जात जोपासली गेली. तांबीला तो वारसा नव्हता, म्हणून मला एकेक पायरी बांधावी लागली. तेव्हा कळलं की 'आण' हे एक काम नाहीच. वस्तूला तोंड लावणं, धरणं, उचलणं, धरून चालणं आणि हातात देणं, ही सगळी वेगवेगळी कामं आहेत. त्यात सगळ्यात अवघड धरणं.

मी जुन्या चादरीचा घट्ट पिळा केला. तांबीनं त्याला नाक लावलं की बॉलपेनचं बटण टक्‌कन वाजवायचं आणि उकडलेल्या चिकनचा शेंगदाण्याएवढा तुकडा द्यायचा. टक् वाजलं म्हणजे 'हेच, बरोबर'. मग नुसत्या नाकावर टक् नाही, तोंड उघडलं तरच. मग दातात धरलं तर. आणि इथे माझं चुकलं. ती पिळा सोडून द्यायची आणि माझं टक् त्यानंतर वाजायचं. म्हणजे मी तिला टाकून द्यायलाच शिकवत होतो! दोन आठवडे त्यात गेले. टक् वस्तू तोंडात असतानाच वाजलं पाहिजे, अर्धा सेकंद का धरलेली असेना. ते सुधारल्यावर चार दिवसांत ती पाच आकडे मोजेपर्यंत धरायला लागली. एका वेळी तीन-चार मिनिटंच, दिवसातून दोनदा. कुत्रं कंटाळायच्या आत थांबायचं.

पुढचं सगळं उलट्या बाजूनं शिकवलं. आधी 'दे'. म्हणजे माझ्या मांडीवरची वस्तू उचलून हातात देणं. मग पायाशी पडलेली, मग दोन पावलांवरची, मग दुसऱ्या खोलीतली. शेवट तिला पक्का ठाऊक असतो, त्यामुळे ती कितीही लांबून आली तरी कुठे पोचायचं ते तिला माहीत असतं.

काठीचा किस्सा तर सांगायलाच हवा. आईची काठी वेताची, तीन फुटी. तांबीनं ती मधोमध धरली, ऐटीत निघाली आणि दाराच्या चौकटीत दोन्हीकडून अडकली. मागे सरून पुन्हा पुढे, पुन्हा अडकली. मग काठी टाकून माझ्याकडे बघत बसली. मी मुठीपासून वीतभर अंतरावर लाल कापड गुंडाळलं, तिथे धरावं म्हणून. तिचं लक्षच जाईना. मग वाचनात आलं की कुत्र्यांना निळा आणि पिवळा नीट दिसतो, लाल मात्र मातकट दिसतो. आपल्या डोळ्यांना उठून दिसणारं कापड आपल्या करड्या शहाबादी फरशीवर तिला दिसतच नव्हतं. निळं गुंडाळलं आणि तीन दिवसांत ती तिथेच धरून काठी मागे ओढत आणायला लागली. किल्ल्यांचंही तसंच. धातू दाताला लागलेला कुत्र्यांना आवडत नाही, तर जुडग्याला आईच्या जुन्या लुगड्याची गाठ बांधून दिली.

नावांचं जरा सबुरीनं घे. अमेरिकेत जॉन पिली नावाच्या मानसशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांनी चेसर या बॉर्डर कोली जातीच्या कुत्रीला तीन वर्षांत १०२२ वस्तूंची नावं शिकवली. २०११ साली ते प्रसिद्ध झालं. पण अशी कुत्री फार थोडी. बहुतेक कुत्री आपलं बोट कुठे वळतं आणि वस्तू रोज कुठे असते यावर चालतात. तांबीला दहा महिन्यांत चार नावं येतात. चप्पल आणि चष्मा यांत तर तिचा रोज गोंधळ व्हायचा. आईनंच तोड काढली. चष्म्याच्या डबीला ती आता 'डोळे' म्हणते. "तांबे, डोळे आण," म्हटलं की डबी येते. म्हणून काकांच्या वस्तूंची जागा ठरवून टाका आणि नाव एकदाच उच्चारा. सगळ्यांनी तेच नाव घ्यायचं, वहिनींनीही.

तुझ्या पिल्लाबद्दल दोन गोष्टी मात्र कळकळीनं सांगतो. त्याचे दात बदलायचे दिवस आहेत, हिरड्या दुखत असतील, तेव्हा धरायला लावू नकोस, नुसता नाकाचा स्पर्श शिकव. आणि मोजा पळवला म्हणून त्याच्यामागे धावू नकोस, ओरडूही नकोस. 'तोंडात काही घेऊन माणसाजवळ गेलं की मार बसतो' हे एकदा शिकलेलं कुत्रं परत काही आणून देत नाही. खाऊ दाखव, मोजा सोडवून घे, शाबासकी दे. खाऊत मनुका नकोत, चॉकलेट नको, दोन्ही कुत्र्याला बाधतं. गोळ्यांचं पाकीट तर कधीही आणायला लावायचं नाही. आपलं साधं पॅरासिटामॉलसुद्धा त्यांच्या जिवावर बेतू शकतं. काकांच्या गोळ्या उंचावरच ठेवा.

परवाची गोष्ट. रात्री दोन-अडीचच्या सुमारास काठी पडल्याचा आवाज आला. मी उठून बसलो. तेवढ्यात फरशीवर नखांचा टकटक आवाज, मग वेताची काठी ओढत नेल्याची खरखर, आणि आईचा हलका आवाज, "दे." नंतर काठीची ठकठक न्हाणीघराच्या दिशेनं गेली आणि थोड्या वेळानं परत आली. आईनं मला हाक मारली नाही. मी पुन्हा आडवा झालो.

पिळा कसा बांधायचा ते कळावं म्हणून एक बांधून कुरिअरनं पाठवतोय, तांबीनं चावलेला आहे, पण त्या वासानं तुझं पिल्लू लवकर तोंड लावेल. काकांना नमस्कार सांग. दिवाळीत ये, काठी घेऊन तांबी दारातून कशी वळते ते तुला बघायलाच हवं.

तुझा,
दिनू