गोळी अर्धी करता येते की नाही, ते पाकिटावर छापा

प्रति,
मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकलचं दुकान आहे. ‘अर्धी सकाळी, अर्धी रात्री’ अशा चिठ्ठ्या रोज येतात. डॉक्टर लिहून देतात, मी पाकिटावर पेनाने तसं लिहितो आणि पुढचं काम घरी सुरीने, विळीवर, नाहीतर आजोबांच्या अडकित्त्याने होतं. एक तुकडा मोठा, एक लहान आणि उरलेला चुरा कागदावर.

लोकांना बोल लावण्यात अर्थ नाही. कधी हव्या त्या मात्रेची गोळी मिळत नाही, कधी मोठी मात्रा अर्धी करून घेणं स्वस्त पडतं, कधी गोळीच घशाखाली उतरत नाही. शिवाय कित्येक गोळ्या अर्ध्या केल्याने काही बिघडतही नाही. रक्तदाबाचं अम्लोडिपिन शरीरात बराच वेळ टिकतं; आज मोठा तुकडा गेला नि उद्या लहान, तरी हिशेब जुळतो.

भीती दुसऱ्या गोळ्यांची आहे. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनची एसआर गोळी औषध हळूहळू सुटावं म्हणून केलेली. ती कापली की औषध ठरल्यापेक्षा लवकर सुटू लागतं. अॅसिडिटीच्या पॅन्टोप्राझोलवरचं आवरण पोटातल्या आम्लापासून औषधाला वाचवतं. ते फुटलं की औषध वाया. हृदयाची झडप बदललेल्या पेशंटची रक्त पातळ करायची गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. प्रोस्टेटच्या फिनास्टेराइडची तुटलेली गोळी गरोदर बाईने हाताळूच नये, कारण पोटात मुलगा असेल तर त्याच्या वाढीला धोका असतो. आणि सासऱ्यांची गोळी चुरून देणारी बहुधा सूनच असते!

पेशंटने हे ओळखायचं कसं? गोळीवर खाच आहे म्हणजे ती तोडण्यासाठीच, असं नाही. काही खाचा नुसत्या दिसण्यापुरत्या असतात. नावापुढच्या अक्षरांचाही भरवसा नाही. रक्तदाबाच्या मेटोप्रोलॉलच्या काही एक्सएल, म्हणजे हळूहळू सुटणाऱ्या, गोळ्या खाचेवर अर्ध्या करता येतात, कारण आतल्या प्रत्येक दाण्याला वेगळं आवरण असतं. पण त्याच गोळीचा चुरा करायचा नाही. हे मला माहीत आहे ते धंदा हाच म्हणून.

युरोपच्या औषधसंहितेत, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या नियमपुस्तकात, खाचेच्या गोळीसाठी कसोटी आहे. ३० गोळ्या हाताने तोडायच्या, प्रत्येकीचा एकच तुकडा वजन करायचा. सरासरीच्या ८५ ते ११५ टक्क्यांबाहेर फार तर एक तुकडा चालतो, आणि तोही ७५ ते १२५ च्या बाहेर गेला तर गोळी नापास. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही २०१३ मध्ये खाचेच्या गोळ्यांबद्दल कंपन्यांना मार्गदर्शक सूचना दिल्या. आपल्याकडेही अशी कसोटी सक्तीची असावी आणि तिचा निकाल पेशंटच्या हातातल्या पाकिटावर यावा, एवढंच मागणं आहे.

त्यासाठी नवा कायदा नको. औषध नियम, १९४५ मधला पाकिटावरच्या मजकुराचा नियम ९६ आपल्याच मंत्रालयाने बदलला आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडवर क्यूआर कोड आला. त्यात बॅच, मुदत, कंपनीचा पत्ता, परवाना क्रमांक सगळं आहे. गोळी तोडायची की नाही, ते नाही. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत अशा औषधांवर आपण लाल रेघ छापतोच ना? तशीच दोन चिन्हं ठरवावीत: खाचेवर अर्धी चालेल, आणि अख्खीच गिळा. वाचता न येणाऱ्यालाही कळतील अशी. आणि ती प्रत्येक गोळीच्या मागे हवीत, कारण आम्ही पाकीट कात्रीने कापून चार-चार गोळ्या देतो.

जाता जाता आणखी एक. पुष्कळ घरांत महिन्याच्या गोळ्या एकदम कापून डबीत भरून ठेवतात. आमच्याकडे पावसाळ्यात मीठसुद्धा पाझरतं. थायरॉइडच्या गोळीला तर दमट हवा मुळीच सोसत नाही. लागेल तेव्हाच एक तोडावी आणि उरलेला अर्धा तुकडा पुढच्या वेळेला आधी घ्यावा, ही ओळही चिन्हांसोबत मराठीत, हिंदीत, ज्या त्या राज्याच्या भाषेत क्यूआर कोडमध्ये घालता येईल.

आपला,
एक औषधविक्रेता