सांतियागोच्या वाटेवर शिक्के जपा

महोदय,

युरोपला जाणारे अनेक मराठी पर्यटक आता स्पेनमधील सांतियागो दे कॉम्पोस्तेलाच्या कॅथीड्रलपर्यंत पायी जाण्याचा बेत आखतात. सारिया या गावापासून ही वाट साधारण ११५ किलोमीटर आहे. ‘कॉम्पोस्तेला’ हे यात्रा पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र हवे असेल, तर किमान १०० किलोमीटर चालावे लागते किंवा २०० किलोमीटर सायकल चालवावी लागते. घोटाळा होतो तो शिक्क्यांत. शेवटच्या १०० किलोमीटरमध्ये यात्रापुस्तिकेवर रोज दोन शिक्के लागतात. अनेकजण फक्त रात्रीच्या मुक्कामी एकच घेतात. दुसरा वाटेतल्या चर्चमध्ये किंवा चहा-कॉफीच्या टपरीवरही मिळतो, तारखेसह घ्यावा.

पाठपिशवी घेऊन कॅथीड्रलमध्ये सोडत नाहीत, म्हणून ती आधी बाहेर ठेवून यावी. सुमारे ५३ किलोचे धूपपात्र, बोताफुमेइरो, आठ माणसे दोर ओढून झुलवतात. पण ते रोज झुलत नाही, ठरावीक सणांना किंवा कोणी देणगी देऊन विनंती केली तरच. त्यावर बेत बांधला की हमखास निराशा.

मातेओ या शिल्पकाराचे बाराव्या शतकातील महाद्वार मात्र चुकवू नये. मधल्या संगमरवरी खांबावर पाच बोटांचे खळगे आहेत, शतकानुशतके यात्रेकरूंनी हात टेकून झिजवलेले. आता तिथे हात लावायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे.

२५ जुलै हा संत जेम्स यांचा सण रविवारी आला की ते पवित्र वर्ष मानतात. पुढचे २०२७ मध्ये आहे. तेव्हा गर्दी असते, म्हणून मुक्कामाच्या जागा आताच पाहाव्यात.

– एक वाचक, पुणे