चतुर्थीला मी ठाण्यातच असेन

ती. आई आणि बाबांना
सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "ती बाई बरी होणारच नसेल, तर तू सारखी तिथे जाऊन करतेस तरी काय?" आणि मागून आईचा आवाज आला, "पेशंटमध्ये एवढं गुंतू नये गं." तेव्हा माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये पुढचा पेशंट येऊन बसला होता, म्हणून विषय तिथेच राहिला. फोनवर सांगण्यासारखा तो नाहीच, म्हणून लिहिते आहे.

आधी महत्त्वाचं सांगून टाकते. यंदा चतुर्थीला मी चिपळूणला नसेन. त्याच माझ्या पेशंट ताईंकडे दीड दिवसाचा गणपती असतो. त्याचं विसर्जन झालं की त्याच रात्री निघेन आणि गौरी यायच्या आत घरी पोचेन. असं पहिल्यांदाच होतंय, आईला ते लागणार, हे मला माहीत आहे. पण पत्र पूर्ण वाचा आणि मग रागवा.

ताई म्हणजे नौपाड्यातल्या पोळी-भाजी केंद्रवाल्या. मी ठाण्यात नवी होते तेव्हा त्यांच्याच पोळ्या खाऊन दिवस काढले. आई, मी तुला सांगायचे बघ, घडीची पोळी अगदी तुझ्यासारखी असते म्हणून. तेव्हा आमची ओळख काउंटरपुरती होती. एका गणपतीत त्यांच्या मोदकांच्या पाऱ्या फाटायला लागल्या. उकड बिघडली असेल, पिठी जुनी असेल, असं त्यांना वाटलं. मग कुलपात किल्ली फिरेना, ब्लाउजचे हुक लागेनात. एका ठिकाणी मनगटात नस दबली आहे म्हणून ऑपरेशन सुचवलं, दुसरीकडे मानेचा मणका झिजला म्हणून वजन लावून मान ओढली. अशा फिरत फिरत त्या माझ्याकडे मानेला शेक घ्यायला आल्या.

मी त्यांचा हात हातात घेतला. अंगठ्याखालची गादी खोल गेलेली आणि करंगळीच्या बाजूची मात्र भरलेली. कळी पाडायला लागतात ते अंगठा आणि पहिलं बोटच वाळत चाललं होतं. दंडावर कातडीखाली बारीक थरथर चालू होती, त्यांना न विचारता आपोआप. मुंग्या आहेत का विचारलं, नाही म्हणाल्या. बधिरपणाही नाही. नस दबली असती तर बोटं बधिर झाली असती. मी त्यांना मान ओढून घेणं थांबवायला सांगितलं आणि न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. ईएमजी, म्हणजे स्नायूंमधल्या विद्युत संदेशांची तपासणी झाली, बाकीच्या शक्यता एकेक करून बाजूला काढण्यात काही महिने गेले, आणि शेवटी नाव ठरलं: एएलएस.

बाबा, तुम्हाला आजार नीट समजलेला आवडतो म्हणून सांगते. मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या ज्या पेशी स्नायूंना हलायचा हुकूम देतात, त्या हळूहळू मरत जातात. हुकूम येईना की स्नायू वाळतो. आधी हात किंवा पाय, नाहीतर जीभ, आणि पुढे श्वासाचे स्नायू. स्पर्श मात्र शाबूत राहतो, डोळे हलतात, ऐकू येतं, बऱ्याच जणांची बुद्धीही लख्ख असते. ताईंना डास चावलेला कळतो, हाकलता येत नाही. रिलुझोल नावाचं औषध १९९५ पासून आहे, त्याने काही महिने पदरात पडतात. लक्षणं दिसायला लागल्यापासून साधारण ३ ते ५ वर्षं, असं आमची पुस्तकं सांगतात. १०० मधले दहाएक जण १० वर्षांच्या पुढे जातात. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ मध्ये, २१ व्या वर्षी निदान झालं आणि ते २०१८ पर्यंत जगले, म्हणून प्रत्येक घरात कुणीतरी त्यांचं नाव घेतं. ताईंच्या भाच्यानेही घेतलं. मी त्याला सांगितलं, असं फार क्वचित होतं. खोटी आशा लावणं मला पटत नाही, आणि ताईंना ती नकोच होती. निदान झाल्यावर त्यांनी मला सरळ विचारलं होतं, "पुढच्या गणपतीला हात चालतील का?" मी नाही म्हटलं. त्या थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. आता ऑर्डरी घ्यायच्या की नाही ते ठरवता येईल."

आता मी काय करते ते. सुरुवातीला माझं निम्मं काम व्यायाम कमी करण्याचं होतं. ताईंचे मिस्टर, त्यांना सगळे भाऊ म्हणतात, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात फिटर होते. वापरलं नाही की मशीन गंजतं, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. ते ताईंना सकाळ-संध्याकाळ दमेपर्यंत रबरी चेंडू दाबायला लावायचे. या आजारात जेवढ्या पेशी उरल्यात त्यांच्यावर आधीच दुप्पट-तिप्पट भार असतो. आम्ही एक नियम केला: आज केलेल्या व्यायामाने उद्या सकाळी थकवा राहिला, तर तो जास्त झाला. चेंडू कपाटात गेला. त्याऐवजी सांधे आखडू नयेत म्हणून भाऊ रोज ताईंचे खांदे, मनगटं, घोटे हलवून देतात. ते मी त्यांना शिकवलं, आणि खरं सांगते, आता ते माझ्यापेक्षा हळुवार हाताने करतात.

मग पाऊल लोंबायला लागलं, चालताना चवडा जमिनीला अडकायचा. त्याला स्प्लिंट, म्हणजे पाऊल धरून ठेवणारी पट्टी दिली. खुर्चीच्या पायांखाली सुताराकडून लाकडी ठोकळे बसवून घेतले, कारण उंच खुर्चीवरून उठायला मांड्यांना कमी जोर लागतो. त्यामुळे ताई बरेच दिवस कुणाच्या आधाराशिवाय उठू शकल्या. बाथरूमला स्वतःच्या पायाने जाणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता व्हीलचेअर आहे. पण बिल्डिंग तीन मजली, जुनी, लिफ्ट नाही; रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा चालू आहेत त्या चालूच आहेत. खालच्या गाळ्यातल्या दोन मुलांना मी खुर्ची कशी धरायची ते शिकवलं: एकाने पाठीमागून, एकाने समोरून, आणि समोरच्याने वाकायचं ते गुडघ्यातून. मुलं मोकळी असली की संध्याकाळी ताईंना तलावपाळीला नेतो. फुटपाथवर व्हीलचेअर जाईल असा सलग पट्टा मिळत नाही, म्हणून गाड्यांच्या कडेकडेने जावं लागतं. या शहराचा मला त्या वेळी फार संताप येतो. कौपिनेश्वराच्या देवळाच्या बाजूला पोचलो की ताई पाण्याकडे तोंड करून बसायला मागतात. तिथे त्यांचं जुनं गिऱ्हाईक भेटतं. "ताई, तुमच्यासारखी पोळी नाही मिळत हो कुठे," असं कुणी म्हटलं की त्यांचा चेहरा फुलतो.

सगळ्यात मोठं काम श्वासाचं. उन्हाळ्यात त्यांना सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखायला लागलं, आणि रात्री सपाट झोपलं की घुसमटायचं. भाऊंना वाटलं उष्णता. खरं कारण असं, की श्वासाचा पडदा कमजोर झाला की रात्रभर कार्बन डायऑक्साइड पूर्ण बाहेर पडत नाही. शेजारचे एक गृहस्थ प्रेमाने ऑक्सिजनचं मशीन घेऊन आले. मी ते लावू दिलं नाही. अशा पेशंटला श्वास ढकलणारा आधार न देता नुसता ऑक्सिजन दिला तर साठलेला वायू आणखी वाढू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलून तपासण्या केल्या, आणि रात्री लावायचं बायपॅप मशीन आलं, मास्कमधून श्वास आत ढकलणारं. पहिले काही दिवस मास्कने ताईंचा जीव नकोसा झाला. मी त्यांना दुपारी टीव्ही बघताना थोडा थोडा वेळ लावायची सवय केली, मग रात्री. एका सकाळी त्यांचा फोन आला, भाऊंनी धरलेला. म्हणाल्या, "आज डोकं दुखलं नाही. झोप लागली गं."

आणि एक गोष्ट आम्ही तिघं मिळून करतो. खोकला जोरात येत नाही, म्हणून कफ अडकतो. मी अँबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या फुग्याने, हवा देते, त्या आत धरून ठेवतात, सोडत नाहीत. त्यावर दुसरा श्वास, मग तिसरा. फासळ्या पूर्ण उघडलेल्या मला तळव्याखाली जाणवतात. मग त्या डोळ्यांनी खूण करतात, मी पोटावर हात ठेवून दाबते आणि त्या खोकतात. कफ सुटला की भाऊ "वा!" म्हणतात, मैफलीत दाद द्यावी तसं. त्यानंतर दोन-तीन तास त्यांचा आवाज मोकळा असतो आणि त्या वेळात त्या बोलून घेतात.

बाबा, तुम्ही विचारलंत त्याचं माझ्याकडचं उत्तर हे आहे. ताई बऱ्या होणार नाहीत. पण आजची झोप, आजचं बोलणं, स्वतःच्या मनाने ठरवून घालवलेली आजची संध्याकाळ, हे मिळवून देता येतं. त्यासाठीच मी चार वर्षं शिकले आणि सहा महिने इंटर्नशिप केली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माणूस पुन्हा चालायला लागतो तेव्हा आनंद होतोच. तरी या घरातलं काम मला जास्त अवघड वाटतं, आणि माझं वाटतं.

आईचं म्हणणं, गुंतू नये. कॉलेजातही हेच सांगायचे. मला ते आता पटत नाही, निदान ताईंच्या बाबतीत नाही. मी दुपारची न जेवता आले तर त्यांना चेहऱ्यावरून कळतं; आधी खाऊन घे, मग माझ्या हातापायांना लाग, असा हुकूम सुटतो. गेल्या पावसात माझं मन फार उदास होतं, तुम्हालाही मी बोलले नव्हते, ते त्यांनी काढून घेतलं. आणि भाऊंना, मुलाला जे सांगता येत नाही ते त्या मला सांगतात. मरणाची भीती वाटत नाही, पण घुसमटून जाण्याची वाटते, हे त्या माझ्याशी बोलल्या. मी ते डॉक्टरांपर्यंत पोचवलं. डॉक्टरांनी बसून समजावलं, की ती तगमग शमवण्यासाठी औषधं असतात आणि ती वेळेवर दिली जातील. हे मैत्री नसती तर बाहेर आलं नसतं. गुंतल्याचा त्रास मला होणार आहे, आई. तो मी घ्यायला तयार आहे.

आता चतुर्थीचं. ताईंचे हात पूर्ण गेले आहेत, पण आवाज अजून आहे. जरा जड, सावकाश. पुढच्या वर्षी तो असेल याची खात्री मी देत नाही, आणि त्याही मागत नाहीत. या वेळी त्या खुर्चीत बसून सांगणार आणि मी मोदक करणार, असं ठरलंय. परवा एकदा करून बघितलं. पाण्याला उकळी आली तेव्हा म्हणाल्या, "लोणी घातलंस का? मीठ चिमूटभर. आता पिठी एकदम लोट, घाबरू नको." मळताना त्यांनी मला वाटीची पाठ वापरायला लावली, तू वापरतेस तशीच. पारी मध्ये जाड, कडेला पातळ. अकरा कळ्या आल्या, तेव्हा बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अजून दोन बसतात." बसल्या. आई, मी गौरीला आले की आपल्याकडे तसे करून दाखवेन.

अजून एक, आणि हे मुख्यतः बाबांसाठी. ताईंनी लिव्हिंग विल केलं आहे, म्हणजे पुढे स्वतः सांगता येईना झालं तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, ते आधीच लिहून ठेवलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली, आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. ताईंनी लिहवून घेतलं: बायपॅप चालेल, गिळता येईना झालं तर पोटातून नळी चालेल, घशाला भोक पाडून व्हेंटिलेटर नको. सही होईना म्हणून अंगठा दिला, तोही भाऊंनी धरून टेकवला. तो कागद झाल्यापासून घरातलं वातावरण बदललं. मुलगा फोनवर आईशी पुन्हा क्रिकेटवर भांडायला लागला.

तुम्ही दोघं धडधाकट आहात, आणि असेच राहा. पण मला तुमचंही ऐकायचं आहे. तुम्हाला काय हवं, काय नको, कुणी काय ठरवायचं, हे तुमच्या तोंडून, आत्ता, सगळं ठीक असताना. "अभद्र बोलू नये" म्हणून आई उठून आत जाईल, तर तिने या वेळी जाऊ नये अशी माझी विनंती आहे. गौरी-गणपती गेले की दुसऱ्या दिवशी दुपारी ओटीवर बसू. मी लिहून घेईन.

आणि बाबा, न्हाणीघरात तुम्ही भिंत धरून उठता ते मी मे महिन्यात पाहिलं आहे. भिंतीला धरायची स्टीलची दांडी घेऊन येते आहे. टाइल्सना सक्शनने चिकटणारी नको, ती सुटते. भिंतीत स्क्रूने बसवायची. तुमचा तो प्लंबर त्या दिवसांत मोकळा आहे का, विचारून ठेवा.

रात्रीच्या तुतारी एक्स्प्रेसचं वेटिंग आहे. कन्फर्म झालं नाही तर एसटीने येईन. पहाटे स्टेशनवर येऊन उभं राहू नका, मी रिक्षा करेन. आईला म्हणावं नारळ जास्तीचे ठेव.

तुमची
धाकटी