वेगळं विद्यापीठ हवंच, पण आधी हॉस्टेल बांधा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोकणासाठी वेगळं विद्यापीठ पाहिजे या मागणीला माझा पाठिंबाच आहे, एका सहीसाठी मुंबई गाठायची हौस कुणालाच नाही. पण चर्चा बघावी तर मुख्यालय रत्नागिरीत की सिंधुदुर्गात आणि नाव कुणाचं, याच्या पुढे जातच नाही.

आमची भाची कोरियन सिरीयलींची भक्त, तिच्या नादाने मी दक्षिण कोरियातल्या सोलच्या योनसे विद्यापीठाबद्दल वाचत गेलो. खासगी आहे, तिथल्या सगळ्यात मानाच्या तीन विद्यापीठांत धरतात, नोबेल मिळालेल्या लेखिका हान कांग तिथल्याच. सुरुवात मात्र १८८५ साली एका दवाखान्याने झाली, अ‍ॅलन नावाच्या अमेरिकन मिशनरी डॉक्टरने राजाच्या मदतीने काढलेला. पुढे क्लीव्हलँडच्या सेव्हरन्स नावाच्या तेलाच्या व्यापाऱ्याने पैसे दिले आणि १९०४ ला मोठं हॉस्पिटल उभं राहिलं. कॉलेज वेगळं, ते १९१५ चं, अंडरवूड या मिशनऱ्याने काढलेलं, त्याला पैसा पुरवला टाइपरायटरवाल्या भावाने (हो, तोच अंडरवूड टाइपरायटर!). हॉस्पिटलवालं मेडिकल कॉलेज आणि हे कॉलेज १९५७ मध्ये एक झालं. म्हणजे विद्यापीठाची पाटी लागायला सत्तर वर्षं गेली, पण मुलांच्या राहण्याची सोय त्याच्या कितीतरी आधीची.

मला अडकवलं ते या राहण्याच्या गोष्टीने. कॅम्पसवर पिन्सन हॉल म्हणून दगडी इमारत आहे, १९२२ ची, तेव्हाचं हॉस्टेल. युन डोंग-जू हा कवी इथे राहून शिकला, जपान्यांचं राज्य, शाळांतून कोरियन भाषा हद्दपार होत चाललेली आणि हा पोरगा कोरियनमध्येच कविता लिहीत होता. १९४५ च्या फेब्रुवारीत जपानच्या तुरुंगात वारला, वय २७. आता ती अख्खी इमारत त्याच्या स्मारकाला दिलीय. आणि १९८७ च्या जूनमध्ये हुकूमशाहीविरुद्धच्या निदर्शनात विद्यापीठाच्याच गेटसमोर ली हान-योल या विद्यार्थ्याच्या डोक्यात अश्रुधुराचं नळकांडं लागलं, महिन्याभरात तो गेला, पण त्या महिन्यातच राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक सरकारला मान्य करावी लागली.

आजही पहिल्या वर्षाच्या पोरांना सोंगडोच्या कॅम्पसवर हॉस्टेलात राहायला लावतात, सोलमधलं घर असलं तरी. सोंगडो म्हणजे समुद्र बुजवून केलेली जमीन, आपल्या खारभूमीसारखी पण टॉवरवाली. शिवाय दरवर्षी कोरिया विद्यापीठाशी पाच खेळांचे सामने, बेसबॉल, बास्केटबॉल, आइस हॉकी, रग्बी, फुटबॉल, निळ्या आणि लाल कपड्यांत हजारो पोरं ओरडायला.

आपल्याकडे कॉलेज संपतं ते एसटीच्या टायमाला. आमच्या बाजूची पोरं साडेचारपासून स्टँडवर उभी, पास हातात, कारण वस्तीची गाडी चुकली तर रिक्षाला शंभर रुपये कुठून आणणार. नाटकाची तालीम, वादविवाद, लायब्ररी हे सगळं गावातल्या, म्हणजे बाजारपेठेतल्या मुलांसाठी. मुलींचं तर बोलायलाच नको, पावसाळ्यात दोन तास आधीच निघतात. वेगळं विद्यापीठ आलं म्हणून ही गाडी काही उशिरा सुटणार नाहीये.

आमची मुंबईकर मंडळं देवळाच्या जीर्णोद्धाराला लाखो काढतात, टेनिस बॉलच्या टुर्नामेंटला बक्षीस म्हणून बाइक ठेवतात. वाईट काहीच नाही त्यात, पण एका वर्षी तोच पैसा कॉलेजजवळच्या पन्नास खाटांकडे वळवा ना. बांधायलाच पाहिजे असंही नाही, फक्त मे महिन्यापुरती उघडणारी केवढी घरं बंद पडलीयत, पाणी-वीज आहे, फक्त माणूस नाही. मालक घाबरतात की भाडेकरू ठाण मांडेल आणि सातबाऱ्यावर वीस नावं, सही कुणाची घ्यायची. म्हणून करार विद्यार्थ्याशी नको, कॉलेजच्या संस्थेने स्वतःच्या नावावर अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करावा आणि मे महिन्यात चावी परत द्यावी, चाकरमान्यांनाही तेव्हाच घर लागतं.

– एक वाचक, दापोली तालुका